मुंबईचे पावसाळी पाणी आणि शासनसंस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात मुंबईत रस्त्यावर पाणी साचले की तोच प्रश्न विचारला जातो, आणि त्याला अनेक कार्यालयांतून वेगवेगळी उत्तरे मिळतात. हा प्रश्न सगळ्या शहराचा असला तरी त्यावरची कामे मात्र संस्थांच्या हद्दी, तिजोऱ्या आणि कामाचे वेळापत्रक यांनी ठरतात. ती कशी ठरतात, हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या नागरिकांसाठी पुढील प्रश्नोत्तरे तयार केली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने मुंबईची असून आवश्यक तेथे पुणे आणि उल्हास खोऱ्यातील घटनांचाही आधार घेतला आहे.

पाणी तुंबणे हा निसर्गाचा प्रश्न आहे की प्रशासनाचा?

दोन्हींचा आहे, पण त्यांची वाटणी समजून घ्यायला हवी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच काळात कुलाब्यात जेमतेम 74 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. इतका पाऊस कोणत्याही गटारव्यवस्थेला झेपणारा नव्हता आणि त्या आपत्तीत मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. हा निसर्गाचा भाग झाला. परंतु वर्षातून अनेकदा होणाऱ्या, अपेक्षित असलेल्या पावसातही त्याच चौकात, त्याच भुयारी मार्गात आणि त्याच वसाहतीत पाणी भरत असेल, तर त्याचे कारण आकाशात शोधण्यात अर्थ नाही.

मुंबई ही बेटे जोडून, खाड्या आणि सखल जागा भरून वसवलेली आहे. पावसाचे पाणी समुद्रात किंवा खाडीत सोडणारी 186 मुखे शहराला आहेत आणि त्यांपैकी 45 मुखे समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. उरलेल्यांतील बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली जातात. म्हणजे मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आत शिरू पाहते. ही भूगोलाने घातलेली अट आहे. ती पूर्वीपासून माहीत असल्यामुळे तिच्यासह शहर चालवणे हेच प्रशासनाचे काम ठरते.

पावसाचे पाणी वाहून नेण्याची जबाबदारी नेमकी कोणाची आहे?

कायद्याने पाहिले तर उत्तर सोपे आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 61 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि गटारे बांधणे, त्यांची देखभाल करणे व ती साफ ठेवणे यांचा त्यांत समावेश आहे. महापालिकेत पर्जन्य जलवाहिन्यांसाठी स्वतंत्र खाते आहे.

प्रत्यक्षात पाण्याचा एक थेंब टेकडीवरून समुद्रापर्यंत जाताना अनेक मालकांच्या जमिनीतून जातो. रेल्वे रुळांखालच्या मोऱ्या मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या ताब्यात आहेत; त्या साफ करण्याचे काम रेल्वे करते आणि त्यासाठी महापालिका पैसे देते. विमानतळाच्या खालून आणि कडेने मिठी नदी वळवलेली आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदर प्राधिकरणाची मोठी जमीन आहे. मिठागरांची जमीन केंद्राच्या अखत्यारीतील मीठ आयुक्तांकडे आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात नियोजनाचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे म्हणजे एमएमआरडीएकडे आहेत, झोपडपट्टी पुनर्वसनाचे नियोजन वेगळ्या प्राधिकरणाकडे आहे आणि म्हाडाच्या वसाहतींचे नियोजन म्हाडा पाहते. किनारपट्टीवर काही बांधायचे म्हटले तर सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते आणि कांदळवन असेल तर उच्च न्यायालयाचीही.

याचा परिणाम असा होतो की प्रत्येक संस्था आपल्या तुकड्यापुरती कर्तव्यदक्ष असू शकते आणि तरीही पाणी तुंबते. दोन तुकड्यांच्या सांध्यावर काय होते याचे उत्तर देणारा अधिकारी बहुधा कोणत्याच तक्त्यात नसतो. आमच्या मते मुंबईच्या पुराच्या चर्चेत या सांध्यांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

राज्यघटनेने शहरांना अधिकार दिले आहेत ना?

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली आणि तिने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवण्यासाठी नमूद केले. या यादीत नगर नियोजन, जमिनीच्या वापराचे नियमन, रस्ते व पूल, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय आहेत. पण पावसाळी पाण्याचा निचरा हा स्वतंत्र विषय म्हणून कोठेही लिहिलेला नाही. तो स्वच्छतेत आणि नियोजनात गृहीत धरावा लागतो. त्याहून महत्त्वाचे असे की, हे विषय सोपवायचे की नाहीत आणि किती सोपवायचे याचा निर्णय घटनेने राज्य विधिमंडळावर सोडला. त्यामुळे यादीतील पहिलाच विषय, म्हणजे नगर नियोजन, मुंबईत आजही अनेक प्राधिकरणांमध्ये विभागलेला आहे. डोंगरउतारावर, नाल्याकाठी किंवा खाडीलगत किती बांधकाम होणार हे जेथे ठरते ते टेबल एका संस्थेत, आणि त्या बांधकामामुळे वाढलेले पाणी वाहून न्यायचे ते टेबल दुसऱ्या संस्थेत, अशी ही रचना आहे.

मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण असूनही फरक का जाणवत नाही?

2005 च्या पुरानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट महिन्यात, राज्य शासनाने मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन केले. पुराची कारणे शोधण्यासाठी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समितीही नेमण्यात आली आणि तिचा अहवाल 2006 मध्ये आला. या समितीने नदीकडे गटार म्हणून न पाहता खोरे म्हणून पाहिले, ही मोठी गोष्ट होती.

मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि सुमारे 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. प्राधिकरणाने काम वाटून दिले तेव्हा वरचा सुमारे 12 किलोमीटरचा भाग महापालिकेकडे आणि खालचा सुमारे 6 किलोमीटरचा भाग एमएमआरडीएकडे गेला. वाटणीसाठी निवडलेली रेषा नियोजनाच्या हद्दीला जुळणारी होती, त्यामुळे कागदोपत्री ती सोयीची ठरली. नदीच्या दृष्टीने मात्र वरचे रुंदीकरण आणि खालचे रुंदीकरण ही एकच क्रिया आहे. वरचा भाग लवकर मोकळा झाला आणि खालचा राहिला तर पाणी अधिक वेगाने खाली येऊन तेथे थटते.

फरक झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नदीचे पात्र बऱ्याच ठिकाणी रुंद आणि खोल झाले, संरक्षक भिंती उभ्या राहिल्या आणि क्रांतीनगरसारख्या कुर्ल्याच्या वस्त्यांतील रहिवाशांना पातळी वाढली की हलवण्याची पद्धत रुळली. राहिले ते काठावरच्या घरांचे पुनर्वसन, विमानतळाजवळची वळणे, आणि नदीत मिसळणारे सांडपाणी. ही तिन्ही कामे एका संस्थेच्या हातातली नाहीत. प्राधिकरणाकडे स्वतःचे मोठे मनुष्यबळ, स्वतःचा महसूल आणि दुसऱ्या संस्थेला आदेश देऊन तो अमलात आणवण्याची यंत्रणा नसल्यामुळे ते समन्वयाचे व्यासपीठ राहिले. मुख्यमंत्री अध्यक्ष असल्याने त्याचे वजन मोठे आहे. पण मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समित्याही पुष्कळ आहेत, आणि बैठक आपत्तीनंतर लगेच जितक्या तत्परतेने होते तितकी पाचव्या किंवा दहाव्या वर्षी होत नाही.

गाळ काढण्याच्या कंत्राटांत सुमारे 65 कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मे 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला. आरोप सिद्ध होणे हा न्यायालयाचा विषय आहे. मात्र नदीतून किती गाळ निघाला हे मोजणारा, देयक मंजूर करणारा आणि परिणामाचे उत्तर देणारा वेगवेगळा असेल तर अशा शंकांना जागा राहते, हे सांगण्यासाठी निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

ब्रिमस्टोवॅड म्हणजे काय, आणि त्याला इतकी वर्षे का लागली?

1985 च्या पुरानंतर महापालिकेने शहराच्या पर्जन्य जलवाहिन्यांचा सर्वंकष अभ्यास करवून घेतला आणि सल्लागारांचा अहवाल 1993 मध्ये आला. त्यालाच ब्रिमस्टोवॅड म्हणतात. जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या, आणि त्याही पावसाचे अर्धे पाणी जमिनीत मुरेल असे धरून. शहर डांबर आणि सिमेंटने झाकले गेल्यावर हे गृहीतक टिकणे शक्य नव्हते. अहवालाने ताशी 50 मिलिमीटर पाऊस आणि सगळेच पाणी वाहून जाईल असा हिशेब सुचवला, नाले रुंद करण्याची यादी दिली आणि भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकणारी आठ उदंचन केंद्रे सुचवली. खर्चाचा अंदाज 616 कोटी रुपये होता.

पुढील बारा वर्षांत या आराखड्यातील थोडीच कामे झाली. महापालिका त्या काळातही देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका होती, तरी जमिनीखालची कामे पुढे ढकलली गेली, कारण त्यांचे उद्घाटन होत नाही आणि ती झाल्याचा फायदा पाणी न तुंबण्यात म्हणजे काहीच न घडण्यात दिसतो. 2005 च्या पुराने चित्र बदलले. केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाखाली 2007 मध्ये सुमारे 1200 कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. हाजी अली आणि इर्ला ही केंद्रे 2011 च्या सुमारास सुरू झाली, त्यानंतर लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि 2019 मध्ये गझदरबंध अशी सहा केंद्रे उभी राहिली. माहुल आणि मोगरा ही दोन मागे राहिली.

या दोन केंद्रांची कथा संस्थांच्या रचनेचा उत्तम धडा आहे. माहुल केंद्रासाठी लागणारी जागा मिठागराची, म्हणजे केंद्राच्या ताब्यातील होती, आणि तिच्या हस्तांतराचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. मोगऱ्याच्या जागेच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला. तंत्रज्ञान, निधी आणि गरज या तिन्ही बाबतींत ही दोन केंद्रे इतर सहांहून वेगळी नव्हती. वेगळा होता तो सातबाऱ्यावरचा मालक.

हिंदमाताला सुधारणा झाली. मग गांधी मार्केटला तशीच का झाली नाही?

हिंदमाता हा दादर-परळमधील बशीसारखा खोलगट भाग आहे. ब्रिटानिया उदंचन केंद्र सुरू झाल्यावरही तेथे पाणी साचत राहिले. तेव्हा महापालिकेने वेगळा विचार केला आणि 2021 पासून जवळच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या भूमिगत टाक्या बांधल्या. भरती असताना पाणी तेथे साठवायचे आणि ओहोटीला सोडायचे अशी ही योजना आहे. पाणी साचणे पूर्ण थांबलेले नाही, पण ते ओसरायला पूर्वी जितका वेळ लागत असे तितका आता लागत नाही. आराखड्यापासून कामापर्यंतचा सगळा निर्णय एकाच संस्थेला घेता आला, म्हणून हे दोन-तीन वर्षांत साधले.

माटुंग्याजवळच्या किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केट परिसराचा कायमचा उपाय मात्र माहुल केंद्रावर अवलंबून आहे. ते होईपर्यंत महापालिकेने तेथे छोटे उदंचन केंद्र बसवले. म्हणजे जेथे मोठा उपाय दुसऱ्याच्या परवानगीत अडकतो तेथे स्वतःच्या हातातला लहान उपाय केला जातो. असा उपाय करणाऱ्या अभियंत्यांना दोष देता येत नाही. परंतु पंपांवर, डिझेलवर आणि कंत्राटांवर होणारा आवर्ती खर्च वर्षानुवर्षे मोठा होत जातो आणि मूळ अडथळा तसाच राहतो.

नालेसफाई दरवर्षी करावी लागते, मग ती 31 मेलाच का संपते?

नाल्यांत गाळ दरवर्षी येणारच. टेकड्यांवरची माती, बांधकामाचा राडारोडा आणि वस्त्यांतून पडणारा कचरा हे त्याचे तीन मोठे स्रोत आहेत. महापालिका एकूण गाळापैकी बहुतांश भाग पावसाळ्यापूर्वी, थोडा पावसाळ्यात आणि थोडा नंतर काढण्याचे नियोजन करते आणि पावसाळ्यापूर्वीच्या कामाची मुदत परंपरेने 31 मे असते. अर्थसंकल्प 1 एप्रिलला लागू होतो, निविदा त्याच्या आगेमागे मंजूर होतात, आणि यंत्रे प्रत्यक्ष नाल्यात उतरायला मार्च-एप्रिल उजाडतो. केंद्राच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये शहरी पुरावर जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मात्र हे काम 31 मार्चपर्यंत पुरे व्हावे असे म्हटले आहे.

या दोन महिन्यांच्या फरकाची किंमत 2025 मध्ये दिसली. त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला, आणि भारतीय हवामान विभागाच्या नोंदीत इतके लवकर आगमन यापूर्वी झालेले नव्हते. नालेसफाईची मुदत तेव्हा संपायची होती. वरळीचे आचार्य अत्रे चौक हे नवे भुयारी मेट्रो स्थानक पाण्याखाली गेले, हिंदमाता आणि गांधी मार्केटसह चार ठिकाणच्या छोट्या उदंचन केंद्रांचे पंप वेळेवर चालले नाहीत म्हणून महापालिकेने चालक कंत्राटदारांना प्रत्येकी 10 लाख रुपये दंड केला. दंड योग्यच होता. पण कंत्राटाची तारीख ढगांना बांधलेली नसते, आणि हवामान बदलाच्या काळात ती कोणत्या आधारावर ठरवायची याचा विचार निविदा काढण्याआधी व्हायला हवा.

पैशाची कमतरता हे कारण आहे का?

मुंबईपुरते तरी नाही. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांहून मोठा होता आणि अनेक लहान राज्यांच्या अर्थसंकल्पांपेक्षा तो मोठा आहे. अडचण पैसा कोठून येतो आणि तो कशावर खर्च करणे सोपे जाते यात आहे. जकात हे महापालिकेचे स्वतःच्या हातातले सर्वांत मोठे उत्पन्न होते. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर 1 जुलै 2017 पासून ते संपले आणि त्याऐवजी राज्याकडून भरपाई मिळू लागली. ही रक्कम कायद्याने निश्चित असली तरी ती वरून येते. स्वतः कर लावून स्वतः उत्तर देणारी संस्था आणि वरून आलेला हप्ता खर्च करणारी संस्था यांच्या वागण्यात कालांतराने फरक पडतो.

महानगर प्रदेशातील लहान नगरपालिकांबद्दल मात्र हे उत्तर लागू पडत नाही. त्यांच्याकडे पैसाही नाही आणि अभियंतेही नाहीत.

महापौर आणि नगरसेवक यांना याबाबत किती अधिकार आहेत?

मुंबईत 227 नगरसेवक निवडून येतात, पण कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. ही रचना 1888 च्या कायद्याने आली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. महापौर सभागृहाचे अध्यक्ष असतात. एखाद्या नाल्याचे काम आज सुरू करा असा आदेश ते देऊ शकत नाहीत. 1998 मध्ये मुंबई आणि नागपूर येथे महापौर परिषदेचा प्रयोग झाला, ज्यात निवडून आलेल्यांकडे कार्यकारी सत्ता जायची होती, परंतु तो वर्षभरातच मागे घेण्यात आला. इतक्या कमी काळात कोणत्याही पद्धतीची परीक्षा होऊ शकत नाही, म्हणून तो प्रयोग फसला असे म्हणणेही घाईचे ठरेल.

नगरसेवकांचे खरे बळ स्थायी समितीत, प्रभाग समितीत आणि आपल्या प्रभाग निधीत असते. त्यामुळे त्यांच्याकडून होणारी मागणी बहुधा प्रभागात मावणाऱ्या कामाची असते: गटारावरचे झाकण, गल्लीतली मोरी, पेव्हर ब्लॉक. नाल्याचे खोरे चार प्रभागांतून जात असेल तर त्या संपूर्ण खोऱ्यासाठी मत मागणारा उमेदवार कोणीच नसतो.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या काळात राज्याने नेमलेल्या प्रशासकांनी शहर चालवले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतील बदल ही त्याची कारणे होती. मोठे निर्णय झटपट झाले हे त्या काळाचे समर्थन म्हणून सांगितले जाते. पण या काळातल्या पावसाळ्यांत नालेसफाईच्या आकड्यांना सभागृहात आव्हान देणारा एकही निवडून आलेला प्रतिनिधी नव्हता, आणि लोकशाहीत ही उणीव वेगाने भरून निघत नाही.

न्यायालयांनी यात काय भूमिका बजावली?

बरीच मोठी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये कांदळवनांची तोड आणि त्यांवरील भराव रोखणारा आदेश दिला. भरतीचे पाणी सामावून घेणारी ही झाडे महामुंबईच्या किनाऱ्यावर आज जेवढी उरली आहेत, त्यात या आदेशाचा वाटा आहे. पुढे 2012 मध्ये राज्याने कांदळवन कक्ष स्थापन केला. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाल्यानंतर मॅनहोलना संरक्षक जाळ्या बसवण्याचा विषय न्यायालयासमोर वारंवार आला. 2018 मध्ये न्यायालयाने चांगले, खड्डेमुक्त रस्ते मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

न्यायालय थांबवू शकते, फटकारू शकते, भरपाई देववू शकते. पण खोऱ्याचा आराखडा करणे आणि वीस वर्षे तो निष्ठेने राबवणे हे त्याचे काम नाही. शिवाय न्यायालयात जो विषय जातो त्यावर संस्था धावतात आणि जो जात नाही तो मागे पडतो, हा एक उपपरिणाम आहेच.

हवामान खात्याचा इशारा आणि महापालिकेची कृती यांत ताळमेळ आहे का?

या एका बाबतीत 2005 नंतरची प्रगती निःसंशय चांगली आहे. त्या दिवशी शहराच्या एका टोकाला काय कोसळते आहे हे दुसऱ्या टोकाला कळत नव्हते. आता महापालिकेची स्वतःची स्वयंचलित पर्जन्यमापके शहरभर आहेत, कुलाबा आणि वेरावली येथे डॉपलर रडार आहेत, आणि जून 2020 मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने महापालिकेसह ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर इशारा प्रणाली सुरू केली. साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस पावसाळ्यापूर्वीच जाहीर होतात. केंद्राकडे शास्त्र होते, महापालिकेकडे नाल्यांचे आणि जमिनीच्या पातळीचे नकाशे होते. दोघांनी ते एकमेकांना दिले म्हणून हे घडले. संस्था वेगळ्या असूनही काम होऊ शकते याचा हा पुरावा आहे, आणि इशाऱ्याच्या कामात कोणाचीही जमीन द्यावी लागत नाही हेही त्यामागचे कारण आहे.

हा प्रश्न फक्त मुंबईचा आहे का?

मुळीच नाही. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व इतर पथकांनी बाहेर काढले. उल्हास आणि तिला मिळणारी वालधुनी या नद्या अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशा अनेक नागरी संस्थांच्या हद्दींतून जातात. घटनेने अशा प्रदेशांसाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली आहे आणि महाराष्ट्राने त्यासाठी 1999 मध्ये कायदाही केला. प्रत्यक्षात महानगराचे नियोजन एमएमआरडीएच करते, जिच्यावर या गावांतील मतदारांचे नियंत्रण नाही.

पुण्यात अडचण वेगळ्या जागी आहे. 25 जुलै 2024 च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात घराघरांत पाणी शिरले, कारण मुसळधार पावसात खडकवासला धरणातून मुठा नदीत मोठा विसर्ग सुरू होता. धरण जलसंपदा विभागाचे आणि नदीकाठचे शहर महापालिकेचे. किती पाणी कधी सोडले जाणार याची माहिती वेळेवर आणि अचूक पोहोचली की नाही, यावरून दोन्ही यंत्रणांत नंतर जाहीर मतभेद झाले. पुराचे पाणी कोठपर्यंत येऊ शकते हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभाग आखतो, बांधकामाची परवानगी महापालिका देते, आणि नदीपात्रालगत राहणारे कुटुंब या दोन फायलींच्या मध्ये असते.

सगळे अधिकार एकाच संस्थेला देणे हा उपाय नाही का?

हा विचार आकर्षक आहे, पण आम्हाला तो पुरेसा वाटत नाही. महाराष्ट्राने आजवर प्रत्येक अडचणीवर नवे प्राधिकरण काढले आणि त्यामुळे सांधे कमी होण्याऐवजी वाढले. रेल्वे, विमानतळ आणि बंदर हे केंद्राचे विषय कोणत्याही शहरी संस्थेकडे येणार नाहीत. म्हणून जे शक्य आहे ते मागितले पाहिजे: खोरेनिहाय आराखडा, त्यात प्रत्येक मालकावर कायद्याने टाकलेले कर्तव्य, ते न पाळल्यास ठरलेला आर्थिक भार, आणि या सगळ्याचा हिशेब दरवर्षी निवडून आलेल्या सभागृहासमोर ठेवण्याचे बंधन. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही 2010 मध्येच पाणलोट क्षेत्र हा नियोजनाचा पाया मानला होता.

2025 च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. ही चांगली संधी आहे. त्या प्राधिकरणाला रेल्वेच्या मोरीची पाहणी करण्याचा आणि कामाची तारीख बांधून देण्याचा अधिकार मिळतो की फक्त बैठकीचे निमंत्रण पाठवण्याचा, यावर तिचे मोल ठरेल.

सामान्य रहिवाशाने कोणाकडे आणि काय मागावे?

पाणी भरलेले असताना महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा, कारण एकाच जागेच्या सलग तीन-चार वर्षांच्या तक्रारी हा पुढे सर्वांत उपयोगी पुरावा ठरतो. उघडे मॅनहोल दिसल्यास ते स्वतः हलवू नये, लगेच कळवावे.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारी या काळात, खरे काम करता येते, कारण तेव्हाच पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प तयार होत असतो. आपल्या भागातले पाणी कोणत्या नाल्यात जाते, तो कोठे रेल्वेखालून किंवा दुसऱ्या प्राधिकरणाच्या हद्दीतून जातो आणि कोणत्या मुखाशी संपतो, याचा नकाशा विभाग कार्यालयातील पर्जन्य जलवाहिनी खात्याकडे मागावा; न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. त्याच अर्जात गाळाच्या वजनपावत्या, वाहनांच्या नोंदी आणि काढलेला गाळ कोठे टाकला याचा तपशील मागता येतो. रेल्वे, विमानतळ किंवा बंदर यांच्याकडील माहितीसाठी केंद्राच्या त्या त्या कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज लागतो.

हा नकाशा हाती आला की आपल्या नगरसेवकाबरोबरच नाल्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या प्रभागांतील नगरसेवकांनाही तोच दाखवावा आणि विषय प्रभाग समितीच्या बैठकीत लेखी मांडण्याचा आग्रह धरावा. तीन प्रभागांनी मिळून एका नाल्याची मागणी केली, आणि ती डिसेंबरमध्ये केली, तर ती निविदेपर्यंत पोहोचण्याची शक्यता जूनमधल्या शंभर तक्रारींपेक्षा जास्त असते.